‘त्यामुळे’ या शब्दापाशी थांबा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात कुठल्याही टेबलापाशी जाऊन उभे राहा. नववीतली एक मुलगी हात मागे बांधून सुरू करते, “नमस्कार. माझ्या प्रकल्पाचे नाव आहे माठातील पाणी थंड होण्याची प्रक्रिया. माठ हा मातीपासून बनलेला असून त्यास सूक्ष्म छिद्रे असतात. सदर छिद्रांमधून पाण्याचे बाष्पीभवन होते, त्यामुळे पाणी थंड होते.” तिला मध्येच विचारा, “पाणी बाहेर गेलं हे कळलं. पण आत राहिलेलं का गार झालं?” ती क्षणभर गोंधळते आणि पुन्हा “माठ हा मातीपासून” इथून सुरुवात करते.

यावर शिक्षकांचं ठरलेलं निदान म्हणजे सभाधीटपणा कमी पडला. मग उपायही ठरलेले: आवाज मोठा कर, नजर वर ठेव, आरशासमोर सराव कर. या निदानात गडबड आहे. त्या मुलीचं एकही विधान चुकलेलं नाही. चूक ‘त्यामुळे’ या एका शब्दात आहे. तिथे एक खड्डा आहे आणि तो ती उडी मारून पार करते, कारण गाइडानंही तिथे उडीच मारलेली असते. पाठांतरात वाक्यं मालगाडीच्या डब्यांसारखी एकामागे एक जोडलेली असतात. मधला डबा सुटा काढून दाखवता येत नाही, म्हणून प्रश्न आला की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर जाते.

तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना विज्ञान सांगायला शिकवायचं तर काम या खड्ड्यापासून सुरू करावं. आवाज, नजर, हातवारे हे सगळं शेवटच्या आठवड्यात आलं तरी चालतं. खड्डा बुजला की निम्मा आत्मविश्वास आपोआप येतो.

पुढे सगळीकडे माठाचंच उदाहरण घेतलं आहे. स्वस्त आहे, घरोघरी आहे, आणि ‘हे तर सगळ्यांनाच माहीत आहे’ असं वाटायला लावणारं आहे. सांगण्याचा सराव अशाच विषयावर चांगला होतो. अवघड विषयात न समजल्याचा दोष विषयावर ढकलता येतो, माठावर ढकलता येत नाही.

आधी प्रश्न लहान करा

‘जलसंवर्धन’, ‘प्रदूषण : एक समस्या’, ‘सौरऊर्जा काळाची गरज’ ही निबंधाची शीर्षकं झाली. त्यावर मुलं निबंधच बोलतात. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर शाळेत चार तासांत मोजून काढता येईल आणि उत्तर ‘हो’ आलं काय किंवा ‘नाही’ आलं काय, दोन्हीत सांगण्यासारखं काही असेल. ‘माठाला बाहेरून रंग दिला तर पाणी तेवढंच गार होतं का?’ हा असा प्रश्न. ‘माठाचे फायदे’ हा नव्हे.

एक जुनी सवयही इथेच मोडावी लागते, ती म्हणजे ज्वालामुखीची. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो. त्या फेसाचा पृथ्वीच्या पोटातल्या शिलारसाशी काही संबंध नाही. शिवाय आपण उभे असतो दख्खनच्या बेसाल्टवर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा मुख्यतः जमिनीतल्या लांबलचक भेगांमधून थरांवर थर पसरत गेला. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणारे आडवे पट्टे म्हणजे तेच थर. ज्या मुलांच्या शाळेची भिंतही त्याच काळ्या दगडाची असते, ती मुलं थर्माकोलचा टोकदार डोंगर करून त्यातून लाल फेस काढतात. त्यापेक्षा त्या भिंतीतल्या दगडातली बारीक भोकं दाखवून ‘ही कशी झाली असतील?’ असं विचारलं तर सांगायला कितीतरी जास्त आहे. थंड होणाऱ्या लाव्हात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या त्या जागा आहेत.

मोजल्याशिवाय बोलू नये

सांगणं कच्चं राहतं ते बहुतेक वेळा हाताशी स्वतःचं मोजमाप नसल्यामुळे. स्वतः काढलेला आकडा मुलाच्या तोंडून वेगळ्याच खात्रीनं येतो. म्हणून माठाचा प्रयोग नीट कसा करायचा हे आधी.

दोन-अडीच लिटरचे दोन सारखे माठ एकाच कुंभाराकडून घ्या. मोठे नकोत, कारण स्वयंपाकघरातले डिजिटल वजनकाटे बहुधा ५ किंवा १० किलोपर्यंतच चालतात. एका माठाला बाहेरून, तळासकट, ऑइल पेंटचे दोन हात द्या आणि दोन दिवस वाळू द्या. या माठातलं पाणी प्यायचं नाही, तसं त्यावर लिहूनच ठेवा. मग दोन्ही माठ रात्रभर पाणी भरून ठेवा. कोरडा नवा माठ पहिल्या काही तासांत पाणी नुसतं पिऊन घेतो आणि आकडे फसवे येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाणी ओतून द्या आणि दोन्हींत एकाच बादलीतलं २-२ लिटर पाणी भरा. झाकणं हवीतच, नाहीतर तोंडातून होणारं बाष्पीभवन दोन्हीकडे मिसळेल. सावलीत, वारा खेळेल अशा जागी, एकमेकांपासून हातभर अंतरावर ठेवा. माठाखाली ताटली ठेवा आणि वजन करताना ताटलीसकट करा. पाझरून ताटलीत पडलेलं पाणी अजून हवेत गेलेलं नाही. ते वजनातून वगळलं तर गळतीलाच बाष्पीभवन समजण्याची चूक होते.

दर अर्ध्या तासानं तापमान आणि वजन, असं चार तास. तापमापी प्रयोगशाळेतला घ्यावा, तापाचा नव्हे. तापाचा तापमापी साधारण ३५ ते ४२ अंशांच्या मधलंच दाखवतो. वाचन घेण्याआधी पाणी ढवळायचं आणि तापमापीचा फुगा पाण्यातच ठेवून वाचायचं. बाहेर काढून उजेडाकडे धरून वाचण्याची सवय फार मुलांना असते. ओला फुगा हवेत आला की त्याच्यावरचं पाणी उडू लागतं आणि पारा पाण्यापेक्षाही खाली उतरतो. ही चूक झालीच तर रागावू नका. जे सिद्ध करायचं तेच त्या चुकीत घडलेलं आहे, हे मुलाच्या लक्षात आणून द्या.

आता हिशेब. साधारण ३० अंशांच्या आसपास १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते (१ ग्रॅम पाण्याचं तापमान १ अंशानं बदलायला लागते ती १ कॅलरी). समजा २ लिटर पाणी ३० वरून २४ अंशांवर आलं. म्हणजे २००० ग्रॅम गुणिले ६ अंश, १२,००० कॅलरी बाहेर गेल्या. त्यासाठी २१ ग्रॅम पाणी उडायला हवं. माठाची मातीही गार होते, तिचा हिस्सा धरला तरी २५ ग्रॅमच्या आत. काटा मात्र याहून बराच मोठा आकडा दाखवेल. मुलं इथे घाबरतात, वाटतं प्रयोग चुकला. चुकलेला नाही. माठ गार झाला की भोवतालची गरम हवा त्याला सतत उष्णता देत राहते आणि तेवढी उष्णता पुन्हा बाहेर घालवायला आणखी पाणी उडावं लागतं. हिशेबात आणि काट्यात दिसणारा हा फरक मुलांना स्वतः शोधू द्या. प्रदर्शनात सगळ्यात चांगले प्रश्न याच जागेवर येतात.

‘त्यामुळे’ची शिकार

प्रयोग झाल्यावर मुलाला जे सांगायचं आहे ते एका पानावर लिहायला लावा. जसं येईल तसं. मग लाल पेन देऊन त्यालाच ‘त्यामुळे’, ‘म्हणून’, ‘कारण’, ‘परिणामी’ या शब्दांभोवती गोल करायला सांगा. प्रत्येक गोलापाशी एकच प्रश्न: या शब्दाच्या अलीकडचं आणि पलीकडचं यांच्यामध्ये नेमकं काय घडलं? उत्तर एका वाक्यात देता आलं तर ते वाक्य तिथे घाला. देता आलं नाही तर तिथे खड्डा आहे, पुस्तक उघडा.

वरच्या मुलीच्या पानावर ‘बाष्पीभवन होते, त्यामुळे पाणी थंड होते’ इथे गोल पडेल. मध्ये हे घालावं लागेल: पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, चुलीवर ती जाळाकडून मिळते, माठाला जाळ नाही, मग ती मागे राहिलेल्या पाण्यातून आणि मातीतून जाते. या चार तुकड्यांनंतर ‘म्हणून गार होतं’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्याच तोंडून येतं. ते त्याच्याकडून यावं, अशीच वाट बघायची.

हे जमलं की टेबलावरचं बोलणं साधारण असं होतं:

“हे दोन्ही माठ सकाळी नऊला एकाच बादलीतून भरलेत. हात लावून बघा, कुठला गार लागतो? डावा ना? उजव्याला बाहेरून ऑइल पेंट आहे, बाकी फरक नाही. आता हे वजन बघा. डाव्यातलं पाणी कमी झालंय, खाली ताटली कोरडी आहे. मग ते गेलं कुठं?”

आणि इथे गप्प राहायचं. तीन सेकंद. मुलांना हे सर्वांत कठीण जातं. शांतता झाली की त्यांना वाटतं आपण विसरलो असंच समोरच्याला वाटणार, म्हणून तीच उत्तर देऊन टाकतात. मनात ‘एक माठ, दोन माठ, तीन माठ’ असं मोजायला सांगा. हसत हसत जमतं.

शब्द

आधी गोष्ट, मग तिचं नाव, हा क्रम सोडू नये. ‘बाष्पीभवन म्हणजे’ असं सुरू झालेलं बोलणं व्याख्येत अडकतं. ओला हात हवेत हलवून गार लागला, आता याला नाव द्यायचं तर बाष्पीभवन, असं आलं की नाव उपयोगी पडतं.

सेमी-इंग्रजीच्या मुलांची अडचण वेगळी. त्यांना ‘इव्हॅपोरेशन’ आणि ‘लेटंट हीट’ पाठ असतं, पण आजीला सांगताना शब्दच सापडत नाहीत. त्यांना दोन्ही शब्द वापरू द्या, मात्र मराठी शब्द एकदा फोडून दाखवा. ‘अप्रकट उष्मा’ म्हणजे प्रकट न होणारी उष्णता, तापमापीवर न दिसणारी. पाणी उकळायला लागलं की जाळ चालूच असतो, तरी पारा हलत नाही. मग ती उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. हा अर्थ मराठी शब्दात उघडा आहे, पाठ केलेल्या इंग्रजी शब्दात मुलाला तो दिसत नाही. नेमका शब्द हवा असेल तर मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघावेत, पण कोशातला प्रत्येक शब्द टेबलावर आणलाच पाहिजे असं नाही.

रोजच्या बोलण्यातले काही शब्द इथे पाय अडकवतात. ‘वाफ’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चहावरचा पांढरा धूर येतो. तो धूर म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. खरं बाष्प दिसत नाही. “माठातून वाफ निघते” म्हटलं की समोरचा माठाकडे बघतो, त्याला काही दिसत नाही आणि त्याचा विश्वास उडतो. ‘न दिसणारी वाफ’ एवढं म्हटलं तरी काम होतं. दुसरा शब्द ‘थंडी’. “दार लाव, थंडी आत येतेय” हे घरी ठीक आहे, पण समजावताना ‘माठ थंडी धरून ठेवतो’ असं म्हटलं तर सगळा प्रवाह उलटा होतो, कारण जाते-येते ती उष्णता. आणि ‘तापमान’ व ‘उष्णता’ ही जोडी. कपभर उकळतं पाणी आणि बादलीभर कोमट पाणी यांतलं कुणाचं तापमान जास्त आणि कुणात जास्त बर्फ वितळेल, हा प्रश्न वर्गात एकदा टाकून ठेवावा. दोन उत्तरं वेगळी निघाली की जोडी सुटी होते.

बोलीचं काय? बोलू द्यावं. ‘माठातलं पानी’ म्हणणाऱ्या मुलाचं ‘पाणी’ दुरुस्त करायला शिक्षक मध्ये पडले की पुढची दहा मिनिटं ते मूल विज्ञान सोडून उच्चार सांभाळत बसतं. ‘सदर’, ‘असून’, ‘त्यास’ ही कार्यालयातल्या कागदांची मराठी मात्र पहिल्याच दिवशी बाहेर काढावी. तसंच ‘सिद्ध झालं’. चार तासांत दोन माठांवर काही सिद्ध होत नाही. तीन रंगांच्या चिठ्ठ्या द्या: जे डोळ्यांनी पाहिलं ते पिवळ्यावर, जे मोजलं ते हिरव्यावर, जो अंदाज आहे तो गुलाबीवर. ‘रंगवलेल्या माठाचं वजन जवळपास बदललं नाही’ हिरव्यावर. ‘रंगानं छिद्रं बुजली’ गुलाबीवर, कारण छिद्रं कुणी पाहिलेली नाहीत. बोलताना चिठ्ठीचा रंग वाक्यात उतरला पाहिजे: दिसलं, मोजलं, आम्हाला वाटतं. तापमापीचा एक भाग १ अंशाचा असेल तर अर्ध्या अंशाच्या फरकावर कुठलाही दावा करायचा नाही, हेही याच वेळी सांगून ठेवा.

उपमा जिथे मोडते

बाष्पीभवनासाठी एक चांगली उपमा आहे. वर्गातली सर्वांत जास्त गुण मिळवणारी पाच मुलं दुसऱ्या तुकडीत गेली तर उरलेल्या वर्गाची सरासरी खाली येते. कुणी नापास झालेलं नाही, तरी सरासरी उतरली. पाण्यातले सर्वांत वेगवान कण पृष्ठभाग सोडून जातात, उरलेल्यांचा सरासरी वेग कमी होतो आणि तापमान म्हणजे त्या सरासरी गतीचंच माप.

उपमा दिली की लगेच ‘ती कुठे मोडते?’ हेही मुलाकडूनच काढून घ्या. वर्गातल्या मुलांचे गुण एकमेकांना लागत नाहीत. पाण्याचे कण सतत एकमेकांवर आपटून वेग वाटून घेतात, म्हणून उरलेल्यांतही नवे वेगवान कण तयार होत राहतात आणि बाष्पीभवन थांबत नाही. ज्याला आपली उपमा कुठे मोडते हे सांगता येत नाही, त्यानं ती वापरू नये. दुसऱ्याची सुंदर उपमा उसनी घेऊन अडकलेली मुलं प्रत्येक प्रदर्शनात दिसतात.

पस्तीस मिनिटांचा तास, चाळीस मुलं

एकेका मुलाला फळ्यापाशी बोलावून सराव घेतला तर एका तासात सहा मुलं बोलतात आणि चौतीस कंटाळतात. त्यापेक्षा चौघांचे दहा गट करा. एक बोलतो, एक ऐकतो, एक घड्याळ बघतो, एक टिपतो. बोलणाऱ्याला दोन मिनिटं. मग ऐकणारा एका मिनिटात तेच आपल्या शब्दांत परत सांगतो. त्यानंतर दोन मिनिटं चर्चा, मग भूमिका फिरतात. चौघांचे मिळून वीस मिनिटं होतात. बसण्या-उठण्यात, गोंगाटात आणखी दहा जातात, तरी तास पुरतो.

यात खरं काम परत सांगण्याचं. ‘कळलं का?’ या प्रश्नाला आपल्याकडे सगळे ‘हो’ म्हणतात, निदान मोठ्यांसमोर तरी. परत सांगायला लावलं की काय पोचलं आणि काय गळलं ते लगेच दिसतं. टिपणाऱ्यानं फक्त गळलेलं लिहायचं. आणि गळलं तर चूक सांगणाऱ्याची धरायची, ऐकणाऱ्याची नाही. हा नियम सुरुवातीलाच जाहीर करावा, नाहीतर भांडणं होतात.

वर्गमित्रांवर दोनदा झालं की बाहेरचे तीन श्रोते शोधा: पाचवीतलं एखादं मूल, घरातलं मोठं माणूस, आणि विज्ञान न शिकवणारे एखादे सर किंवा बाई. पाचवीतलं मूल ‘म्हणजे काय?’ विचारतं. आजी म्हणते, “ते ठीक, पण जुना माठ गार करत नाही, ते का?” आणि इतिहासाच्या बाई “हे तुला कसं कळलं?” असं विचारतात. तिन्ही प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत आणि प्रदर्शनात तिन्ही येतात.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं: जड पाण्यातले क्षार छिद्रांत साचतात, पाझर कमी होतो, बाष्पीभवन घटतं. म्हणून माठ आतून-बाहेरून नुसत्या ब्रशनं घासतात. साबण लावला तर तो मातीत मुरतो आणि पाण्याला वास येतो. असाच दुसरा हमखास प्रश्न, “आमच्या कोकणात माठ एवढा गार का होत नाही?” हा प्रश्न आला की समजावं, ऐकणाऱ्याला विषय लागला. हवेत आधीच बाष्प भरपूर असेल तर पाणी उडायला वाव कमी. एका तापमापीच्या फुग्याला ओलं मलमलचं फडकं गुंडाळून पंख्याखाली धरा; तो जिथवर उतरतो, साधारण तिथवरच माठ जाऊ शकतो, त्याखाली नाही. नागपुरात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ही हद्द २२ अंशांच्या आसपास येते. किनाऱ्यावर ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला ती २८ च्या वरच थांबते. म्हणजे विदर्भातला माठ हवेपेक्षा फार तर वीस अंशांनी गार होऊ शकतो, कोकणातला पाच-सहा अंशांनी. प्रत्यक्षात दोघेही हद्दीच्या थोडे वरच राहतात.

आणि ज्याचं उत्तर येत नाही असा प्रश्न? ‘माहीत नाही’ एवढ्यावर थांबलं तर मूल हिरमुसतं, आणि ठोकून दिलं तर सवय लागते. तीन तुकडे शिकवा: हे मला माहीत नाही; एवढं माहीत आहे; आणि शोधायचं झालं तर असं करून बघेन. “मीठ टाकल्यावर काय होईल ते माहीत नाही. पाणी उडण्याचा वेग वजनावरून कळतो हे माहीत आहे. दोन माठांत एकाला मीठ घालून वजन करून बघेन.” परीक्षक अशा उत्तराला गुण देत नसतील तर त्यांना आधी बोलावून सांगावं.

टेबल, तक्ता, मोबाइल

तक्त्यावर निबंध नको. बाजारात मिळणारा मोठा कार्डशीट घ्या, त्यावर वर प्रश्न, मध्ये आलेख, खाली एका ओळीत उत्तर. ८० शब्दांच्या आत. दीड मीटरवरून वाचायचं असेल तर मजकुराचं अक्षर निदान १ सेंटिमीटर आणि शीर्षकाचं ३ ते ४ सेंटिमीटर उंच हवं. देवनागरीत वेलांट्या, मात्रा, रफार वर आणि उकार खाली जातात, म्हणून ओळींमध्ये अक्षराच्या उंचीइतकी जागा सोडा. पिवळं आणि फिकट हिरवं स्केचपेन लांबून दिसत नाही. आलेखात वेळ आडवी, तापमान उभं, दोन रेघा, आणि रेघेच्या टोकालाच ‘साधा’ व ‘रंगवलेला’ असं लिहा, कोपऱ्यात रंगांची सूची नको. तापमानाचा अक्ष २० अंशांपासून सुरू केला तर ते बोलून सांगायचं, नाहीतर तीन अंशांचा फरक दरीसारखा दिसतो.

टेबलाच्या मागे उभं राहून मुलं भिंतीला चिकटतात. टेबलाच्या बाजूला उभं राहू द्या, माठ पुढच्या कडेला, हात पोचेल असा.

व्हिडिओ करायचा तर ९० सेकंदांच्या वर नको. पंखा बंद करा, मोबाइल तोंडापासून हातभर अंतरावर, खिडकी समोर, पाठीमागे नाही. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो. दप्तरं, सतरंज्या ठेवलेली लहान खोली बरी. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. माठ आणि हात दिसले तरी पुरतं.

शिक्षकांच्या हातून होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी म्हणजे भाषण लिहून देणं. वेळ कमी असतो, प्रदर्शन उद्यावर असतं, मुलाचं बोलणं अडखळतं. बाई बसतात आणि सुंदर परिच्छेद लिहून देतात. तिथेच सगळं संपतं. लिहून द्यायचंच असेल तर पाच शब्द द्या: हात लावा, वजन, कुठं गेलं, उष्णता कुणाकडून, कोकण. एवढ्या चिठ्ठीवर मूल दर वेळी थोडं वेगळं बोलेल, आणि मध्येच प्रश्न आला तरी पुढच्या शब्दावर परत येईल.

दुसरी, बोलणं चालू असताना टोकणं. तिसरी, एका वेळी सात सूचना देणं. एक ठेवायची गोष्ट आणि एक बदलायची गोष्ट, बस. चौथी, गुणदान. आवाज आणि सजावटीला अर्धे गुण दिले की पुढच्या वर्षी थर्माकोल वाढतो. वीसपैकी आठ गुण ‘कसं कळलं’ याला, सहा प्रश्नोत्तरांना, चार ऐकणाऱ्यानं परत सांगितलेल्याला आणि दोन मांडणीला, अशी विभागणी एकदा करून बघावी आणि ती मुलांना आधीच दाखवावी.

वेळापत्रक

२८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामाचा शोध लागला. त्याची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो आणि बऱ्याच शाळांत प्रदर्शन तेव्हाच असतं. दहावीची परीक्षा तोंडावर असते, म्हणून आठवी-नववी घ्यावी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्रश्न, तिसऱ्यात प्रयोगाची पहिली फेरी (ती फसेल असंच धरून चाला), चौथ्यात दुसरी फेरी, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लाल पेन, दुसऱ्यात गट, तिसऱ्यात बाहेरचे श्रोते, शेवटच्यात तक्ता आणि आवाज. देशावर फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारची हवा कोरडी असते, माठ चांगला चालतो. किनारपट्टीवरच्या शाळांनी फरक कमी येईल हे गृहीत धरून पंखा लावावा आणि पंखा लावला हे तक्त्यावर लिहावं. १० ते १७ वयोगटासाठी १९९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेतही आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन काम करणं अपेक्षित असतं, तेव्हा या प्रयोगाच्या नोंदींची वही तिथेही कामी येते.

प्रदर्शनाच्या दिवशी टेबलावर एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवा. पेन बांधलेलं नसेल तर अकरा वाजेपर्यंत गायब होतं. ज्या प्रश्नांची उत्तरं आली नाहीत ते प्रश्न, विचारणाऱ्यानंच, आपल्या अक्षरात त्यात लिहायचे. संध्याकाळी माठ रिकामे करून उन्हात उलटे ठेवा आणि वही आठवीच्या वर्गशिक्षकांकडे द्या.